बर्फातली छोटी गाडी आणि मधला उंचवटा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

दरवर्षी नाताळच्या सुट्टीत पेपरात एक फोटो हमखास येतो, मनालीच्या वर अटल बोगद्याच्या रस्त्यावर गाड्यांची लांबच लांब रांग, टपावर बर्फ, आणि खाली ओळ की पर्यटक अडकले. डिसेंबर २०२४ मध्ये तर सोलंग आणि बोगद्याच्या मधल्या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांनी लोकांना तिथून बाहेर काढलं. अशा रांगेत एमएच पासिंगच्या गाड्या असतातच, आणि त्यात छोट्या हॅचबॅक बऱ्याच. मग लोक म्हणतात की एवढीशी गाडी घेऊन बर्फात जायचंच कशाला, मोठी घ्यायची नाहीतर घरी बसायचं. हे ऐकलं की मला राहवत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर आमची छोटी गाडी अडकली होती, आत मी, बायको, दोन मुलं आणि सासूबाई, आणि त्या दीड तासात जे कळलं ते मला चिंचवडहून निघायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून हे पत्र, थोडं लांब झालंय, पण सांभाळून घ्या.

आमची गाडी सीएनजी हॅचबॅक. पुण्याहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर, तिनं काहीही त्रास न देता नेलं. किरतपूरपासूनचा नवीन फोरलेन छान आहे, आणि कुलूच्या पुढे २०२३ च्या पुरात बियासनं रस्ता कसा खाल्ला होता ते काही ठिकाणी अजून दिसत होतं. मनालीत हॉटेलवर एकाला विचारलं की बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत आमची गाडी जाईल का, तो म्हणाला आरामात जाईल साहेब, सगळे जातात. आणि खरंच गेली! सकाळी नऊला निघालो, पलचान, सोलंग, धुंदी करत बोगद्यातून पलीकडे, सिस्सूला पोरं बर्फात मनसोक्त खेळली, सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला. जाताना काही म्हणता काही झालं नाही. त्यामुळेच घात झाला, कारण 'गाडी जाईल का' हा प्रश्नच मुळात चुकीचा होता, विचारायला हवं होतं की गाडी थांबेल का, आणि दुपारी साडेतीनला खाली येताना थांबेल का.

आता मुद्द्याचं सांगतो. आपल्या भाषेत बर्फ एकच. गोळेवाल्याचा तो बर्फ, फ्रीजमधला तो बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. पण गाडी चालवणाऱ्यासाठी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ताजा भुरभुरीत पडलेला बर्फ टायरखाली कुरकुरतो, दबतो, त्यात टायरची नक्षी रुतते आणि बऱ्यापैकी पकड मिळते. तोच बर्फ दिवसभर गाड्यांनी दाबला, दुपारच्या उन्हात वरून थोडा विरघळला आणि ऊन डोंगराआड गेल्याबरोबर परत गोठला की त्याची काच होते. तिकडचे ड्रायव्हर तिला पाला म्हणतात. 'आगे पाला है' असं कुणी सांगितलं तर ते आपल्या पिकांवर पडणाऱ्या दवासारखं काहीतरी असेल असं समजू नका, मी तसंच समजलो होतो. कधी कधी तर ती काच इतकी पातळ असते की खालचं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, सगळ्यात निसरडा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधराला पकड उलट जरा बरी असते. म्हणजे आपल्याला 'आज हवा छान आहे, थंडी कमी आहे' असं वाटतं तोच दिवस वाईट.

बोगद्याबद्दल एक. तो ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९.०२ किलोमीटर लांब, उंची तीन हजार मीटरच्या वर. आत रस्ता मोकळा, वारा नाही, लाईट आहेत, त्यामुळे माणूस सैलावतो आणि वेग आपोआप वाढतो. आणि तोंडातून बाहेर आल्या क्षणी खाली पाला, समोर उतार आणि वळण. रोहतांगची अवघड खिंड आता चढावी लागत नाही म्हणून आपल्याकडचा कुणीही साध्या गाडीनं मनालीहून दोन तासांत दहा हजार फुटांवर पोचतो. चांगलंच झालं ते, पलीकडच्या लाहौलच्या लोकांचा हिवाळ्यात तुटणारा रस्ता त्यानं जोडला, पण घाट चढताना जी भीती आपोआप वाटायची आणि माणूस सावध व्हायचा ती पायरी मधून निघून गेली.

आम्ही बोगद्यातून बाहेर आलो आणि पुढची गाडी थांबली. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली कटकटकट करायला लागलं, तो एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तो काही बिघडलेला नव्हता, आणि गाडी तशीच पुढे चाललेली. वेग किती, वीस-पंचवीस असेल. जोरात दाबला, काही फरक नाही. बायको ओरडली, मी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं आणि ब्रेकवरचा पाय सुटला म्हणून केवळ गाडी वळली, रस्त्याच्या कडेच्या घट्ट बर्फाच्या ढिगाऱ्यावर चढली आणि थांबली. उजव्या बाजूला दरी होती. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

नंतर घरी येऊन मुलाबरोबर हिशोब मांडला. कोरड्या डांबरावर ताशी ३० ला कचकन ब्रेक मारला तर गाडी पाचेक मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर त्याला अठरा-वीस मीटर लागतात. आणि काचेसारख्या पाल्यावर पस्तीसच्या आसपास, तेही सपाट रस्त्यावर. आता उतार घ्या, दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली असा. पाल्यावर टायरला मिळणारी पकड गाडीच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा असते, आणि असा उतार गाडीला खाली ओढतो तोही वजनाच्या दहाव्या हिश्श्यानं. म्हणजे हातात शिल्लक शून्य. ब्रेक कितीही चांगले असू द्या, चारही चाकं ओढणारी फोर बाय फोर असू द्या, पन्नास लाखांची असू द्या, तिथे गाडी थांबतच नाही. फोर बाय फोर गाडीला चढायला मदत करते, थांबायला नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. हे मोठ्या गाडीवाल्यांनीही वाचावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण त्या दिवशी आमच्या मागे घसरत आलेली आणि कशीबशी चुकवलेली गाडी मोठीच होती.

मग उतरायचं कसं, तर पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर, माणूस चालतो त्या वेगानं, आणि पुढच्या गाडीपासून इतकं लांब की मागचे हॉर्न मारतील. मारू द्या. आपल्याकडे घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती घाटातही वाईटच, पण इथे जिवावर बेतते. आणि गाडी घसरायला लागलीच तर ब्रेक सोडायचा, क्षणभर तरी. हे मनाला पटत नाही, पाय ऐकत नाही, पण लॉक झालेलं चाक वळत नाही, फिरणारं चाकच वळतं. मला मागून आलेल्या टॅक्सीवाल्यानं हेच सांगितलं, 'भाईजी, ब्रेक मत दबाओ, गाडी को चलने दो, फिर संभालो.' तो तिथलाच माणूस, त्याची गाडीही काही फार मोठी नव्हती, फक्त पुढच्या चाकांना बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या होत्या.

आता मधला उंचवटा. कमी क्लिअरन्सच्या, म्हणजे पोट रस्त्यापासून कमी उंच असलेल्या गाडीचं खरं दुखणं हे आहे आणि हे मला आजवर कुठेही वाचायला मिळालेलं नाही. आपण विचारतो बर्फ किती इंच पडलाय. छोट्या हॅचबॅकचा क्लिअरन्स साधारण १६० ते १७० मिलीमीटर, म्हणजे साडेसहा इंच धरा. चार इंच बर्फ असेल तर वाटतं की जाईल. पण आपल्या आधी त्याच रस्त्यावरून ट्रक आणि जीप गेलेल्या असतात, त्यांची चाकं दोन खोल चर पाडतात आणि बाजूचा बर्फ मध्ये ढकलला जाऊन तिथे एक लांबलचक वरंबा तयार होतो, नांगरलेल्या शेतात असतो तसा. जीप त्याच्यावरून सहज जाते. रात्री तो दगडासारखा होतो. आपली गाडी त्या चरात उतरते, म्हणजे आणखी खाली जाते, आणि पोट त्या वरंब्यावर टेकतं. एकदा पोट टेकलं की गाडीचं वजन चाकांवरून निघून पोटावर येतं, चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात, अॅक्सिलरेटर दाबाल तितकी खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत करतात. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटतं ते वेगळंच, आमचं फाटलं, नशीब ऑइलच्या चेंबरला लागलं नाही.

आणि तो साडेसहा इंच हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे हो. पाच माणसं, पाच बॅगा, टपावर कॅरिअर, फराळाचा डबा आणि मागे सीएनजीची टाकी, गाडी मागून चांगलीच बसते. शिवाय आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. हे खरं तर बर्फात चांगलं, कारण इंजिनचं वजन बरोबर ओढणाऱ्या चाकांवर असतं, सपाट रस्त्यावर छोटी गाडी बर्फात बिचारी इमानदारीत चालते. पण डिकीत टाकी आणि सामान आणि त्यात चढ, की वजन मागे जातं आणि पुढची चाकं नुसती फिरायला लागतात. सीएनजीवाल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं, सामान हॉटेलवर ठेवा, वर रिकामी गाडी न्या. त्या संध्याकाळी एका स्थानिक पोरानं चढावर अडकलेली हॅचबॅक रिव्हर्समध्ये वर काढलेली मी पाहिली, उलटी लावली की ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. कारण पटण्यासारखं आहे पण गर्दीच्या, दरीच्या रस्त्यावर आपण हे करायला जाऊ नये.

आम्हाला बाहेर काढलं ते असं. त्या टॅक्सीवाल्यानं आधी सगळ्यांना खाली उतरवून डोंगराच्या बाजूला उभं केलं, गाडीच्या मागे किंवा खालच्या अंगाला कुणालाच उभं राहू दिलं नाही. मी अॅक्सिलरेटर दाबत होतो तर माझ्यावर चिडला. सामान उतरवलं. मग त्याच्या फावड्यानं पुढून आणि बाजूनं पोटाखालचा बर्फ खरवडून काढला, कुणालाही गाडीखाली शिरू दिलं नाही. पुढच्या चाकांसमोर कडेची माती आणि खडी टाकली. माझ्याकडे फावडं नव्हतं, माती भरायला पोतं नव्हतं, दोर नव्हता, हातमोजे सुद्धा लोकरीचे, ते पाच मिनिटांत भिजले. दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाला चिवडा आणि लाडू बरोबर होते पण दोनशे रुपयांचं फावडं नव्हतं. गाडी मोकळी झाली तेव्हा त्यानं पैसे घेतले नाहीत, सासूबाईंनी त्याला लाडूंचा डबाच दिला.

टायरचं बोलायलाच हवं. माझी मावसबहीण मॉन्ट्रिअलला राहते, तिची गाडी आमच्या गाडीपेक्षाही बुटकी आहे आणि ती पूर्ण हिवाळा त्याच गाडीनं ऑफिसला जाते. तिच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. जर्मनीतही रस्त्यावर बर्फ असेल तर तसलेच टायर लागतात, ज्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं. या टायरचं रबरच वेगळं, सात अंशाच्या खाली आपलं नेहमीचं रबर कडक व्हायला लागतं, ते मऊ राहतं, आणि नक्षीत बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. आपल्या गाड्यांना येतात ते टायर आपल्या उन्हाळ्यासाठी आणि पावसासाठी बनवलेले, त्यांची काही चूक नाही. पण निदान झिजलेले टायर घेऊन तरी जाऊ नका. आपल्या नियमाप्रमाणे १.६ मिलीमीटर नक्षी उरली तरी टायर चालतो, ऑस्ट्रियात हिवाळ्यात चार मिलीमीटरच्या खाली विंटर टायर धरतच नाहीत. माझे टायर चाळीस हजार किलोमीटर झालेले होते आणि मी म्हणत होतो की अजून एक पावसाळा काढतील.

हवेचं पण एक. कुणीतरी सांगतं की बर्फात टायरची हवा कमी करा. छोट्या गाडीनं हे करू नये, पाल्यावर त्यानं विशेष फायदा होत नाही आणि आहे तो क्लिअरन्स आणखी कमी होतो. कंपनीनं सांगितलेलीच हवा ठेवायची, फक्त ती मनालीत सकाळी थंड टायरवर परत तपासायची, कारण पुण्याच्या तीस अंशात भरलेली हवा तिथे तेवढी राहत नाही. साखळ्या घेणार असाल तर पुढच्या चाकांना लावायच्या, आपल्या टायरच्या मापाच्या, आणि घरीच पार्किंगमध्ये दोनदा लावून बघायच्या, कारण छोट्या गाडीत टायर आणि सस्पेन्शनच्या मध्ये जागा फार कमी असते आणि जाड साखळी आत घासते. काश्मीरमध्ये टंगमर्गहून गुलमर्गला जातानाही बर्फ पडला की साखळ्या नाहीतर फोर बाय फोर असल्याशिवाय सोडत नाहीत, तिकडे जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.

बाकी बारीकसारीक, पण महागात पडणारं. रेडिएटरमध्ये आपल्याकडे बिनदिक्कत नळाचं पाणी टाकतात, गोठताना पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनच फोडतं, म्हणून निघायच्या आधी पाणी गोठू न देणारं चांगलं कूलंट भरून घ्या. वायपरच्या टाकीतलं पाणीही गोठतं. सकाळी काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक जागीच गोठतात, तिथले ड्रायव्हर सपाट जागा बघून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात.

आणि एक गोष्ट मात्र बारीकसारीक नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या डोंगरावरच्या गावी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, कुटुंबंच्या कुटुंबं होती. थंडी होतीच, पण गाडीत बसून हीटर चालू ठेवला, बाहेर बर्फ साचत गेला आणि सायलेन्सर गाडला गेला की विषारी वायू आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती झोप येते. छोट्या, बुटक्या गाडीचा सायलेन्सर जमिनीपासून वीतभर वर असतो, तो सगळ्यात आधी गाडला जातो. रांगेत अडकलात तर दर थोड्या वेळानं उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन सलग चालू ठेवू नका, दहा मिनिटं चालवा आणि बंद करा, आणि वारा ज्या बाजूनं येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. म्हातारी माणसं आणि पोरं मागे झोपली असतील तर त्यांना अधूनमधून हलवून जागं करा.

आता तुमच्याकडे एक मागणं. दिवाळी झाली की तुमच्या पुरवणीत हिमाचलवर लेख येतात, फोटो सुंदर असतात, कुठे राहायचं, काय खायचं, सगळं असतं. त्याच पानावर एक चौकट द्या ना. बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या नेहरू कुंड किंवा सोलंगलाच अडवतात आणि पुढे फोर बाय फोरच सोडतात, तिथे वाद घालू नये, हे लिहा. कुलू आणि लाहौल-स्पितीचे पोलीस रस्त्यांची स्थिती सोशल मीडियावर टाकतात, ती सकाळी बघून निघावं हे लिहा. आपली छोटी गाडी मनालीत ठेवून वर स्थानिक टॅक्सीनं गेलं तर पाच जणांत वाटून जेवढा खर्च येतो त्याच्यापेक्षा आमचं नुसतं खालचं कव्हर आणि बंपर महाग पडला, हेही लिहा, आणि त्या रोजगारावर तिथली घरं चालतात. ज्यांना स्वतःच न्यायची आहे त्यांनी दुपारी एक-दीडला परत फिरावं, ऊन डोंगराआड जायच्या आत सोलंगच्या खाली यावं, पोरं कितीही रडली तरी.

आम्ही पुढच्या डिसेंबरात परत जातोय, सासूबाईंनाच जायचंय. गाडी तीच आहे. टायर नवीन घातलेत, डिकीत फावडं आणि वाळूचं पोतं आहे, आणि मनालीच्या वर ती जाणार नाही, त्या टॅक्सीवाल्याचा नंबर मी जपून ठेवलाय.

आपला,
एक नियमित वाचक,
चिंचवड, पुणे